ईसानची लिव्हर फ्लूक तपासणी सेवा: सोनोग्राफीला पैकीच्या पैकी, गोळीला जपून

थायलंडच्या ईशान्येला, ईसानमध्ये, लिव्हर फ्लूकची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून पोटात जाणाऱ्या यकृतातल्या कृमीची, तपासणी करून घ्यायला गेलं की माणसाच्या हाती चार गोष्टी पडतात: नमुन्याची डबी, वजनावर मोजून दिलेल्या गोळ्या, सोनोग्राफीची तारीख आणि उपदेश. चारही एकाच पिशवीतून येतात म्हणून त्यांचा दर्जा सारखा नाही. सोनोग्राफी अव्वल आहे. लघवीची नवी चाचणी आश्वासक आहे, शौचाची जुनी चाचणी कामचलाऊ. गोळी औषध म्हणून फार चांगली, पण ती ज्या पद्धतीने घेतली जाते ती पद्धत वाईट. उपदेश बऱ्याच ठिकाणी पालथ्या घड्यावर पाणी.

या सेवेचा कणा म्हणजे खोन केन विद्यापीठाने 2013 मध्ये सुरू केलेला पित्तनलिकेच्या कॅन्सरचा तपासणी-उपचार कार्यक्रम, ‘कॅसकॅप’. त्याच्या पाठीशी थायलंड सरकारचा 2016 ते 2025 असा दहा वर्षांचा फ्लूकनिर्मूलनाचा आराखडा होता. एवढा मोठा पसारा कशासाठी? ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी नावाचा हा चपटा कृमी जेमतेम सात मिलिमीटर लांब असतो, पण यकृतातल्या पित्तनलिकांत दहा-दहा वर्षं मुक्काम करतो. 1994 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या घटकांत टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. पित्तनलिकेच्या कॅन्सरचं जगातलं सर्वाधिक प्रमाण खोन केन परिसरात नोंदलं गेलं आहे, हा योगायोग नाही.

आधी डबी. शौचाचा नमुना काटो-कात्झ पद्धतीने तपासतात. साच्याच्या भोकात 41.7 मिलिग्रॅम विष्ठा भरायची, काचेवर घ्यायची, ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा वर दाबायचा, अर्धा तास थांबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची. आलेल्या आकड्याला 24 ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी मिळतात. साधन स्वस्त, काम सोपं. पण चुकण्याच्या जागा तीन आहेत. पहिली म्हणजे कृमी थोडे असले की 41.7 मिलिग्रॅममध्ये एकही अंडं न सापडणं सहज शक्य आहे. मग कागदावर ‘नाही’ लिहिलं जातं आणि माणूस निर्धास्तपणे घरी जातो. दुसरी म्हणजे अंडं असतं 27 बाय 15 मायक्रॉनच्या आसपास, आणि त्याच भागात आढळणाऱ्या आतड्यातल्या लहान फ्लूकांची, उदाहरणार्थ हॅप्लॉर्किसची, अंडी जवळपास तशीच दिसतात. झाकणाजवळचे खांदे आणि मागच्या टोकाची बारीक गाठ ओळखायला डोळा तयार लागतो. तिसरी अडचण अगदी व्यवहारातली: पातळ शौच या पद्धतीत चालतच नाही. ज्या प्रयोगशाळेत फॉर्मेलिन-इथाइल ॲसिटेटने नमुना घट्ट करण्याची सोय आहे तिथे तो पर्याय मागावा. त्यात साधारण दोन ग्रॅम विष्ठा घेतात, त्यामुळे हलका संसर्ग निसटण्याची शक्यता कमी होते. डबी देताना आणखी एक सांगावं लागतं आणि ते हमखास राहून जातं: नमुन्यात लघवी किंवा संडासातलं पाणी मिसळू द्यायचं नाही. या टप्प्याला पाचपैकी अडीच.

लघवीची चाचणी याहून सरस. कृमीने सोडलेला प्रतिजन, म्हणजे त्याच्या अंगचा ओळखता येणारा अंश, लघवीत उतरतो आणि नेमक्या त्यालाच चिकटणाऱ्या मोनोक्लोनल अँटिबॉडीच्या आधाराने तो पकडता येतो. खोन केन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे आधी एलायझा, म्हणजे प्रयोगशाळेत करायच्या चाचणीच्या, रूपात आणलं, मग गर्भचाचणीच्या पट्टीसारखी झटपट पट्टीही केली. शौचात अंडी न सापडलेल्या कित्येकांत ती संसर्ग दाखवते. तांत्रिक फायद्याइतकाच मोठा फायदा लाजेचा आहे. गावात शौचाची डबी वाटली तर ती परत येतेच असं नाही, लघवीची बाटली येते. इलाजानंतर सुमारे महिनाभराने प्रतिजन नाहीसा होतो, म्हणून गोळी लागू पडली का हेही तिच्यावर पाहता येतं. फक्त गोळी घेतल्यावर आठवड्याभरात पुन्हा तपासणी करून ‘अजून आहेच’ म्हणत घाबरून जाऊ नये. चार गुण, आणि पट्टी अजून प्रत्येक आरोग्य केंद्रात सहज पोचत नाही म्हणून पाचवा राखून.

रक्ताच्या चाचण्यांमागे पैसे घालवू नयेत. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्या तर त्या कोणत्याही जंतामुळे वाढू शकतात. यकृताचे आकडे बहुतेकांचे नेहमीसारखेच येतात. सीए 19-9 ही कॅन्सरचा इशारा देणाऱ्या रक्तातल्या एका घटकाची तपासणी निरोगी माणसांतून रुग्ण शोधण्याच्या कामाची नाही.

आता गोळी. प्राझिक्वांटेल हे औषध म्हणून खरोखर फर्मास आहे. एका वेळेला किलोमागे 40 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 2400 मिलिग्रॅम, म्हणजे 600 च्या चार गोळ्या. दुसरी रीत म्हणजे किलोमागे 25 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन ते तीन दिवस. त्याच माणसाला प्रत्येक वेळी अडीच गोळ्या. गावपातळीवर एकदाच घ्यायचा डोस चालतो, कारण समोर बसवून गिळायला लावता येतो, आणि नीट घेतला तर दहातल्या नऊहून अधिक जण बरे होतात. बिघडतं ते घेण्याच्या पद्धतीत. गोळी विलक्षण कडू असते. जिभेवर रेंगाळली की उमासे येतात आणि अर्धा डोस उलटीत जातो, म्हणून चावायची नाही, भरपूर पाण्याबरोबर झटकन गिळायची. रिकाम्या पोटी घेतली तर अंगी कमी लागते, म्हणून जेवणाबरोबर घ्यायची. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटात कळ हे सगळं होऊ शकतं. संध्याकाळी जेवून घेतली तर बराचसा त्रास झोपेत निघून जातो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवू नये, ट्रॅक्टरही नाही. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन चालू असेल तर ही गोळी निकामी होते. डोळ्यात सिस्टिसर्कस, म्हणजे पट्टकृमीची अळी, असेल तर ती घ्यायचीच नाही, आणि आकडी येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. गरोदर बाईने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. मेंढ्यांच्या यकृतातला मोठा फ्लूक, फॅसिओला, हा वेगळा प्राणी आहे. त्याच्यावर ट्रायक्लाबेंडाझोल चालतं, प्राझिक्वांटेल नाही. दुकानातून ‘लिव्हर फ्लूकची गोळी’ एवढंच सांगून औषध घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एवढं चांगलं औषध, मग गुण का कापायचे? ही गोळी कृमी मारते, पुढच्या ताटाला अडवत नाही. प्रतिकारशक्ती तयार होत नाही. आज बरा झालेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा तितकाच भरू शकतो. ईसानमध्ये गोळी सहज मिळू लागली तशी ती कित्येकांसाठी जेवणानंतरच्या पाचकासारखी झाली: आधी कच्चा मासा, मग गोळी, हिशेब चुकता. खोन केनमधल्या अभ्यासांत जितक्या जास्त वेळा गोळी घेतली तितकं पित्तनलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. यावरून गोळीवर खापर फोडायला नको. वारंवार गोळी म्हणजे वारंवार संसर्ग, आणि नलिकेच्या अस्तराला होणारी जखम त्याच संसर्गाची. हॅमस्टरवरच्या प्रयोगांत मात्र गोळीने कृमी मेल्यावर काही काळ दाह वाढलेलाही दिसला आहे. म्हणजे ‘खा आणि धुऊन काढ’ या चक्रात प्रत्येक फेरीला यकृत मार खातं. चांगली सेवा ती, जिच्यात एकाच माणसाला दुसऱ्यांदा गोळी द्यावी लागली तर ते सेवेचं अपयश म्हणून नोंदलं जातं. बऱ्याच नोंदवह्यांत मात्र वाटलेल्या गोळ्यांचा आकडा यशाच्या रकान्यात दिसतो. औषधाला पाच, वाटपाला दोन.

सोनोग्राफी ही या सेवेची खरी कमाई. ईसानचा रहिवासी, वय चाळीस किंवा अधिक, आणि कधी कच्चा मासा खाल्लेला, कधी संसर्ग झालेला किंवा कधी प्राझिक्वांटेल घेतलेली, असा माणूस यात बसतो. ईसानच्या खेड्यात यात न बसणारा माणूस शोधावा लागेल. तपासणीआधी सहा तास उपाशी राहायचं, नाहीतर पित्ताशय रिकामं होऊन आक्रसतं आणि वायूमुळे मागचं दिसत नाही. डॉक्टर नलिकांभोवती साचलेला तंतू, म्हणजे जुन्या दाहाने उरलेला व्रणासारखा जाड थर, पाहतात आणि त्याच्या तीन पायऱ्या लावतात. पहिलीत यकृताच्या कडेकडेने पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात, चांदण्या पडल्यासारखे. दुसरीत ते जोडले जाऊन दोरीसारख्या रेषा होतात. तिसरीत मोठ्या नलिकांभोवती जाड पांढऱ्या नळ्याच दिसतात. काही नसेल तर वर्षाने पुन्हा, तंतू असेल तर सहा महिन्यांनी, गाठीची किंवा फुगलेल्या नलिकेची शंका आली तर सीटी किंवा एमआरआय. चित्रं एका सामायिक माहितीकोशात जातात, त्यामुळे जिल्ह्याच्या रुग्णालयात अडलेला प्रश्न मोठ्या केंद्रातल्या रेडिओलॉजिस्टला पाहता येतो. ही जोडणी या सेवेतली सर्वांत हुशार गोष्ट आहे.

हिच्यावर एवढा भर कशासाठी, तर हा रोग बोलत नाही. बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच होत नाही, झालंच तर जेवणानंतर पोट जड वाटतं, उजव्या बरगडीखाली बोचतं. कृमी लहानपणी किंवा तरुणपणी शिरतो आणि कॅन्सर येतो तो पन्नाशी-साठीत. कावीळ दिसते तोवर गाठ अनेकदा काढण्यापलीकडे गेलेली असते. बरं होण्याची आशा शस्त्रक्रियेतच आहे, आणि ती होते गाठ लवकर सापडली तरच. त्यामुळे गोळी घेऊन शौच स्वच्छ आलेल्या माणसालाही सोनोग्राफी चुकवता येत नाही. कृमी गेला तरी तंतू पूर्ण जाईलच असं नाही. काहींचा मागे हटतो, काहींचा तिथेच राहतो. ‘माझी तपासणी निगेटिव्ह आली’ म्हणत सोनोग्राफीच्या रांगेतून निघून जाणारा माणूस नेमका तोच असतो ज्याने थांबायला हवं होतं.

मर्यादा आहेत. चरबी चढलेल्या यकृतात ठिपके हरवतात, नलिकांच्या संगमाजवळची लहान वाढ निसटू शकते आणि हात नवखा असला तर पहिली पायरी आणि काहीच नसणं यांतला फरक पुसट होतो. तरीही पैकीच्या पैकी, कारण संपूर्ण पिशवीत माणसाचा जीव थेट वाचवू शकणारी वस्तू हीच.

उरला उपदेश. इथे सेवा स्वयंपाकघराच्या दारातच अडते. कोय प्ला म्हणजे ताजा कच्चा मासा बारीक चिरून लिंबू, तिखट, भाजलेल्या तांदळाची भरड आणि पाला घालून केलेला पदार्थ. चव विचारू नका, सोडवत नाही म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. लिंबाने मासा पांढरा पडतो म्हणून ‘शिजला’ अशी समजूत आहे. शिजत नाही. आंबटाने माशाचं प्रथिन घट्ट होतं, पण त्यातल्या पुटीचं, म्हणजे कृमीच्या अळीच्या कवचबंद रूपाचं, कवच पोटातल्या आम्लातूनही सुखरूप पार होण्यासाठी घडलेलं आहे. लिंबू तिचं काय बिघडवणार? सोबत घेतलेल्या लाओ खाओने म्हणजे भाताच्या दारूनेही ती मरत नाही, आणि तिखटाने तर नाहीच. पुटी 0.2 मिलिमीटरच्या आसपास असते आणि मांसात व खवल्यांखाली बसते. मासा ताजा, स्वच्छ, चकचकीत दिसला तरी नुसत्या डोळ्यांना काहीही कळत नाही.

मासे कोणते, हे उपदेशात नेमकं सांगितलं पाहिजे आणि सांगितलं जात नाही. हा कृमी कार्पच्या कुळातल्या गोड्या पाण्यातल्या माशांत असतो, विशेषतः तळ्यात आणि भातखाचरात मिळणाऱ्या लहान पांढऱ्या माशांत, ज्यांना तिथे ‘प्ला खाओ’ म्हणतात. बिथिनिया जातीची गोगलगाय विष्ठेतली अंडी गिळते, तिच्यातून निघालेली अळी पाण्यातून पोहत माशात शिरते आणि पुटी करते. पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत माशांतल्या पुटी सर्वाधिक असतात. ‘मग मोठा सापतोंड्या मासा चालेल ना?’ असं विचारणाऱ्याला चालेल म्हणू नये. गोड्या पाण्यातल्या त्या माशांत नॅथोस्टोमा नावाचा दुसरा पाहुणा, एक गोल कृमी, असतो आणि तो कातडीखालून, कधी मेंदूपर्यंत, हिंडतो.

आंबवलेल्या माशांची गोष्ट गुंतागुंतीची आहे. ‘सगळं आंबवलेलं वाईट’ असं सरसकट सांगणाऱ्याचं ईसानमध्ये कुणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्ला रा भरपूर मीठ घालून महिनोन्महिने, सहसा सहा महिने ते वर्षभर, मुरवतात. नीट मुरलेल्या प्ला रामध्ये पुटी जिवंत राहत नाहीत. प्ला सोममध्ये मीठ कमी, भात आणि लसूण जास्त, आणि तो तीन-चार दिवसांत खायला काढतात. एवढ्यात सगळ्या पुटी मेल्याची खात्री नाही, म्हणून तो शिजवून किंवा तळूनच खायचा. अर्धवट मुरलेला प्ला रा सलाडात ओततात तिथेही हाच धोका. शिवाय आंबवलेल्या माशांत नायट्रोसो संयुगं असतात, आणि कृमीने सुजलेल्या नलिकेवर त्यांचा मारा हे कॅन्सरच्या साखळीतलं आणखी एक कडं मानलं जातं. प्ला रा उकळून वापरला तर पुटीचा प्रश्न मिटतो, संयुगांचा नाही.

शिजवणं म्हणजे माशाच्या मधोमध 63 अंश सेल्सिअस. बारीक चिरलेला मासा उकळत्या रश्श्यात टाकून पूर्ण रंग बदलेपर्यंत हलवला तर ते सहज होतं. गरम पाण्यात बुचकळून काढलेला ‘अर्धा कच्चा, अर्धा शिजलेला’ मासा हा कच्चाच. गोठवायचं तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम उणे 20 अंश, सात दिवस असा आहे, किंवा उणे 35 अंशांवर कडक गोठवून त्याच तापमानात 15 तास. घरचा फ्रीजर बऱ्याचदा उणे 18 वर असतो, दार उघडझाप केलं की आणखी वर चढतो. याच्या भावकीतल्या क्लोनॉर्किसच्या पुटी उणे 12 अंशांवर दहा दिवसांहून जास्त टिकल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय नियमांतलं उणे 20 वर 24 तास हे कलम समुद्री माशांतल्या गोल कृमींसाठी वापरलं जातं. त्यात फ्लूक स्पष्टपणे वगळलेले आहेत, हे कुणी वाचत नाही.

उपदेश नीट केला तर काय होतं ते खोन केन प्रांतातल्या लावा तलावाच्या गावांनी दाखवलं. तिथे 2007 पासून विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय रोग प्रयोगशाळेने, बनचोब श्रीपा यांच्या पुढाकाराने, गोळी, शाळा, गावातले आरोग्य स्वयंसेवक, संडास आणि तलावातल्या माशांची तपासणी असं एकत्र धरलं. माणसांतला संसर्ग सरासरी 60 टक्क्यांवरून 10 च्या खाली आला. सुरुवातीला काही माशांच्या जातींत 70 टक्क्यांपर्यंत असलेल्या पुटी एक टक्क्याच्याही खाली गेल्या. माशातला आकडा माणसातल्या आकड्याहून जास्त बोलका आहे, कारण माणसातला आकडा गोळीने पाडता येतो, माशातला नाही. तो पडला म्हणजे विष्ठा पाण्यात जाणं खरंच थांबलं. देशपातळीवर उतार मंद आहे: ईशान्येत 1981 मध्ये 34.6 टक्के, 2009 मध्ये 16.6 टक्के. संपूर्ण देशात 2014 च्या पाहणीत 5.1 टक्के. पन्नास वर्षं सल्ला देऊन एवढं आणि एका तलावाभोवती काही वर्षांत तेवढं, हा फरक उपदेशाच्या गुणपत्रिकेत दिसायला हवा.

सेवेच्या पिशवीत जे नाहीच ते दोन. मांजर आणि कुत्रा, जे फेकलेले माशाचे टाकाऊ भाग खाऊन तोच कृमी पाळतात आणि अंगणात, खाचरात अंडी टाकत फिरतात. आणि संडासाच्या टाक्यांचा गाळ. टाकी उपसणारा टँकर प्रक्रिया न करता शेतात किंवा ओढ्यात रिकामा झाला, तर गावाने एक वर्ष न खाल्लेला कच्चा मासा एका फेरीत भरून निघतो.

ईसानमध्ये चार दिवस राहून कोय प्ला चाखून आलेल्यांनी दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन धावू नये. पुटी फुटून कृमीला अंडी घालण्याच्या वयात यायला तीन-चार आठवडे लागतात, त्याआधीचा ‘नाही’ हा निकाल निरुपयोगी. खाल्ल्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी शौचाची तपासणी करावी, शक्य असेल तिथे वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने द्यावेत, आणि चिठ्ठीवर ‘जंत’ एवढंच न लिहिता ‘गोड्या पाण्यातला कच्चा मासा, ईशान्य थायलंड’ असं लिहून घ्यावं, म्हणजे काचेवर पाहणारा नेमक्या आकाराचं अंडं शोधेल.